घरगुती सॅलॅमँडरपालन (नाशिक परिसर)

सॅलॅमँडर हा शेपटीचा उभयचर प्राणी आहे. प्रथमदर्शनी तो पालीसारखा वाटतो. पण अंगावर खवले नसतात आणि त्वचा पातळ, ओलसर व पाणी आरपार जाऊ देणारी असते. त्यामुळे साबणाचा अंश राहिलेला हातही त्याला बाधतो. सह्याद्रीत बेडूक आणि देवगांडूळ (गांडुळासारखा बिनपायाचा उभयचर) आहेत, सॅलॅमँडर नाही. भारतात तो पूर्व हिमालय व ईशान्येकडील डोंगरांतच आढळतो. या देशी जातीला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण असल्याने ती घरी ठेवता येत नाही. हौशी मंडळी पाळतात त्या जाती परदेशी : आयुष्यभर पाण्यात व कल्ल्यांसह राहणारा मेक्सिकोचा ॲक्झोलॉटल, ओल्या मातीत बीळ करणारा उत्तर अमेरिकेचा टायगर सॅलॅमँडर आणि युरोपातील काळा-पिवळा फायर सॅलॅमँडर.

नाशिकमध्ये खरा प्रश्न उन्हाळ्याचा. शहर सुमारे ६०० मी. उंचीवर असल्याने थंडीत पारा १० अंशांखाली जातो आणि तेव्हा या प्राण्यांसाठी वेगळे काही करावे लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत मात्र तो चाळिशीला टेकतो. ॲक्झोलॉटलला १६ ते १८ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते. २२-२३ च्या वर ते फार दिवस राहिले की तो खाणे सोडतो आणि त्वचेवर व कल्ल्यांवर कापसासारखी बुरशी धरते. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावल्यास बाष्पीभवनाने तापमान काही अंश उतरते. नाशिकची कोरडी हवा याला अनुकूल आहे, पण भर उन्हाळ्यात तेवढ्याने भागत नाही. चिलर किंवा एसीची खोली लागते. बर्फाची बाटली ही वेळ मारून नेण्याची सोय. वीज गेल्यावर ती उपयोगी पडते, पण रोज वापरल्यास तापमान सतत वरखाली होते आणि तेही घातकच. एवढा खर्च झेपत नसेल, तर हा प्राणी न आणलेलाच बरा. गच्चीवरच्या टाकीचे तापलेले पाणी थेट ओतू नये. नळाच्या पाण्यातील क्लोरीन औषध घालून काढावे.

जमिनीवरच्या जातींसाठी काचपेटीत कोकोपीट, शेवाळ, लपायला कौलाचा तुकडा आणि उथळ पाण्याचे भांडे पुरते, तापदिवा नको. कोकोपीट कोणत्याही रोपवाटिकेत मिळते. द्राक्षबागेतील माती किंवा पाला मात्र कटाक्षाने टाळावा. केवडा या बुरशीजन्य रोगासाठी बागांवर मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारले जाते आणि त्यातील तांबे उभयचरांना विषारी असते. ॲक्झोलॉटलच्या टाकीत बारीक खडेही नकोत. भक्ष्यासोबत ते गिळले जातात आणि आतडे तुंबते.

गांडूळ हे उत्तम अन्न. प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा दिले की पुरे. गांडूळखत प्रकल्पातील लाल गांडुळे स्वस्त असली, तरी डिवचल्यावर ती कडवट पिवळा द्रव सोडतात आणि पुष्कळ सॅलॅमँडर ती तोंडात घेऊन थुंकून देतात.

ॲक्झोलॉटल साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात असल्याने वन्यजीव अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. नकोसा झालेला प्राणी गोदावरीत किंवा गंगापूर धरणात सोडू नये; परदेशी सॅलॅमँडरांबरोबर आलेली कायट्रिड बुरशी स्थानिक बेडकांना लागू शकते.