मॉडेल आधी धावलं, खुलासा मागून आला

न्यूमोनियाच्या कोणत्या रुग्णाच्या जिवाला धोका जास्त, हे संगणकाला आधीच सांगता येईल का, असा प्रयोग १९९०च्या दशकात अमेरिकेत झाला. त्यात संशोधक रिच करुआना यांचं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून स्वतः शिकणारं, पण आतला हिशेब न दिसणारं मॉडेल) सगळ्यांत अचूक निघालं, तरी ते रुग्णांवर वापरलं गेलं नाही. त्याच माहितीतून दुसऱ्या पद्धतीने काढलेल्या नियमांत एक भलताच नियम सापडला होता: दमा असेल तर मृत्यूचा धोका कमी.

माहिती खोटी नव्हती. दम्याच्या रुग्णाला न्यूमोनिया झाला की डॉक्टर त्याला थेट अतिदक्षता विभागात हलवत आणि त्या उपचारांमुळे तो वाचे. मॉडेलला दिसलं ते इतकंच की दमेकरी कमी मरतात. त्याच्या भरवशावर अशा रुग्णाला घरी पाठवलं असतं तर? नियम किमान वाचता तरी येत होते, म्हणून चूक सापडली. नेटवर्कच्या पोटात असं आणखी काय काय दडलंय, हे बघायची सोयच नव्हती. शेवटी कमी अचूक, पण उलगडून बघता येणारं लॉजिस्टिक रिग्रेशन (प्रत्येक घटकाला ठरावीक वजन देणारी सांख्यिकी पद्धत) पसंत केलं गेलं.

पुढे बराच काळ मॉडेल बनवणाऱ्यांची डोकेदुखी मात्र वेगळीच होती: तयार मॉडेल प्रत्यक्ष वापरात आणायचं कसं? मॉडेल एकाने पायथन किंवा आर या प्रोग्रॅमिंग भाषेत बनवायचं आणि दुसऱ्याने ते जावात नव्याने लिहून सर्व्हरवर चढवायचं, असा कारभार सर्रास चाले. मॉडेल लिहून ठेवायचा पीएमएमएल नावाचा, एक्सएमएल या मजकूर-पद्धतीवर आधारलेला साचा १९९०च्या दशकाच्या अखेरीसच आला होता, पण तो ठरावीक प्रकारच्या मॉडेलांनाच मानवला. पायथनवाले सरळ पिकल फाइल (मॉडेल जसंच्या तसं साठवलेली पायथनची फाइल) पाठवून मोकळे होत. समोरच्या मशीनवर लायब्ररीची (तयार कोडच्या संचाची) आवृत्ती वेगळी असली की फाइल उघडत नसे. किंवा उघडे आणि गुपचूप वेगळंच उत्तर देई, जे जास्त वाईट. शिवाय पिकल उघडताना तिच्यात दडवलेला कोडही चालू शकतो, म्हणजे अनोळखी माणसाची फाइल उघडणं हा जुगारच.

२०१३मध्ये प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकाच गठ्ठ्यात बांधणारं डॉकर आलं आणि आवृत्त्यांची भांडणं बरीचशी मिटली. २०१५मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी एका शोधनिबंधात आकृती काढून दाखवलं की खऱ्या प्रणालीत मॉडेलचा कोड हा मधला चिमुकला चौकोन असतो, बाकी सगळा पसारा भोवतीचा. पुढच्याच वर्षी मॉडेल सर्व्हरवर चालवणारं त्यांचं टेन्सरफ्लो सर्व्हिंग आलं. २०१७मध्ये फेसबुक आणि मायक्रोसॉफ्टने मॉडेल साठवायचा ओएनएनएक्स हा सामायिक फॉरमॅट काढला आणि २०१८मध्ये डेटाब्रिक्स या कंपनीने मॉडेलांची नोंद आणि हाताळणी करणारं एमएलफ्लो. मॉडेल प्रॉडक्शनला टाकणं (प्रत्यक्ष वापरात आणणं) तीन-चार वर्षांत कितीतरी सोपं झालं.

मॉडेलने अमुक उत्तर का दिलं, याच्या खुलाशाची साधनं साधारण याच काळात आली, पण वेगळ्या वाटेने आणि मुख्यतः सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातून. २०१६मध्ये रिबेरो, सिंग आणि गेस्ट्रिन यांनी लाइम हे असं एक साधन मांडलं. त्यांनी लांडगा की हस्की कुत्रा हे ओळखणारं एक वाईट मॉडेल मुद्दाम शिकवलं: लांडग्यांच्या सगळ्या फोटोंत मागे बर्फ, हस्की कुत्र्यांच्या फोटोंत नाही. त्यावर विश्वास ठेवाल का, असं २७ विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा १० जण हो म्हणाले. मॉडेल प्राण्याकडे नाही, बर्फाकडे बघतंय हे लाइमने दाखवल्यावर उरले ३.

२०१७मध्ये लुंडबर्ग आणि ली यांचं शॅप हे दुसरं साधन आलं. त्यामागचं गणित गणितज्ञ लॉइड शॅपली यांचं, १९५३चं: अनेकांनी मिळून कमावलेल्या फायद्यात प्रत्येकाचा न्याय्य वाटा किती? इथे वाटेकरी म्हणजे वय, रक्तदाब, पगार असे घटक. तंतोतंत हिशेब करायचा तर २० घटकांचे दहा लाखांहून जास्त गट तपासावे लागतात; म्हणून एरवी अंदाजावर भागवतात. वृक्षाधारित (प्रश्नांच्या फांद्यांवरून उत्तराकडे जाणाऱ्या) मॉडेलांसाठी मात्र नेमकं आणि वेगवान गणित सापडलं आणि माझ्या मते शॅप घरोघरी पोचलं ते त्यामुळेच.

यावरही आक्षेप आले. संशोधक सिंथिया रूडिन यांनी २०१९मध्ये ठणकावलं की मोठ्या निर्णयांसाठी बंद पेटीचा (आतलं न दिसणाऱ्या मॉडेलचा) खुलासा मागत बसू नका, मुळात समजेल असंच मॉडेल घ्या. २०२०मध्ये तर संशोधकांनी पक्षपाती मॉडेल बनवून लाइम आणि शॅप दोघांनाही चकवून दाखवलं.

कुबरनेटिसवर (अनेक सर्व्हर एकत्र सांभाळणाऱ्या प्रणालीवर) मॉडेल चालवणाऱ्या केएफसर्व्हिंगने (आताचं केसर्व्ह) २०१९मध्ये मॉडेल चालवणं आणि खुलासा देणं ही दोन्ही कामं एकाच सेटिंगच्या फाइलमध्ये आणली. त्या फाइलमध्ये अंदाज देणारा भाग भरावाच लागतो. खुलासा देणारा ऐच्छिक आहे.