मधल्या अवस्थांना मराठीत शब्द नाहीत का?

‘मराठीत टोकाच्या अवस्थांनाच शब्द आहेत, मधल्या, तात्पुरत्या स्थितीसाठी परभाषेकडे जावे लागते,’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो. नेमका प्रतिशब्द चटकन आठवला नाही की तसे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु वस्तुस्थिती वेगळी आहे. जी धड कच्ची नाही आणि पुरती पिकलेलीही नाही, जिचे टरफल गरापासून नुकते सुटू लागले आहे, ती चिंच ‘गाभुळलेली’; अंधार विरून उजाडू लागते ती वेळ ‘झुंजूमुंजू’. शिवाय ‘सर’ प्रत्ययाने ‘ओलसर’, ‘काळसर’ असे शब्द घडतात, तर ‘वाळत आले’, ‘पेंगू लागला’ अशा रचनांतून क्रियेचा मधला टप्पा दिसतो, आणि माझ्या मते मराठीची खरी श्रीमंती इथेच आहे. पडताळणीसाठी शब्दकोशात केवळ नामे न शोधता विशेषणे आणि धातूही पाहावेत.