अनुदान : सामाजिक संस्था आणि लघुउद्योग

ठरलेल्या कामासाठी, ठरलेल्या अटींवर आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता शासन, कंपनी, न्यास किंवा वित्तसंस्था जी रक्कम देते तिला अनुदान म्हणतात. देणगी आणि कर्ज यांच्या मधली ही जागा आहे. देणगीचा हिशेब देणाऱ्याने मागितला तर द्यायचा असतो, अनुदानाचा न मागताही द्यावा लागतो. कर्ज फेडावे लागते; अनुदान फेडावे लागत नाही, पण ठरल्याप्रमाणे खर्च न झालेली रक्कम व्याजासह परत मागितली जाऊ शकते. ‘सबसिडी’लाही मराठीत अनुदानच म्हणतात. त्यामुळे बोलताना बराच गोंधळ होतो आणि मुद्रा योजनेचे निव्वळ कर्जही गावोगाव ‘अनुदान’ म्हणून सांगितले जाते.

महाराष्ट्रात हा शब्द उच्चारला की पहिली आठवण शाळांची येते. अनुदानित, विनाअनुदानित, अंशतः अनुदानित आणि काही काळ तर ‘कायम विनाअनुदानित’. यांतला ‘कायम’ हा शब्द २००९ मध्ये वगळला गेला. त्यानंतरही टप्पा अनुदानासाठी, म्हणजे टप्प्याटप्प्याने वाढत जाणाऱ्या अनुदानासाठी, शिक्षकांची आंदोलने चालूच राहिली. प्रस्तुत नोंदीचा विषय मात्र शाळांच्या वेतन अनुदानाचा नाही. लहान सामाजिक संस्था, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या आणि छोटे उद्योजक यांनी निधी कसा शोधावा आणि त्यासाठी काय तयारी करावी लागते, एवढ्यापुरतीच ती मर्यादित आहे.

पूर्वपीठिका : पेशवाईत पुण्याला श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलात त्या रकमेचा काही भाग १८२१ मध्ये पुण्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला गेला, आणि पुढे १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटीमार्फत मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली. जन्मावर मिळणारा पैसा कामावर मिळू लागला, असे या बदलाचे थोडक्यात वर्णन करता येईल. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या शिक्षणविषयक धोरणपत्राने, खाजगी शाळांसाठी ‘ग्रँट-इन-एड’ पद्धत घालून दिली. तिच्या अटी आजच्या कोणत्याही योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत शोभतील : स्थानिक व्यवस्थापन चांगले हवे, सरकारी तपासणी मान्य हवी आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना, फी घेतली पाहिजे. अनुदान मागणाऱ्याने आधी स्वतःच्या पदराला खार लावून घ्यावा, हे तत्त्व तेव्हापासूनचे आहे.

लोकवर्गणीची परंपरा याला समांतर चालली. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून पैसा फंड उभारला आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. आजच्या भाषेत हा समूहनिधीवर उभा राहिलेला उद्योग. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याला १५ लाख रुपये देऊ केले. विद्यापीठाला आपल्या मातोश्रींचे, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव असावे ही त्यामागची अट होती. एसएनडीटी हे नाव तिथून आले. सशर्त निधीचे इतके परिचित उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही. ग्रंथालयांचा अनुभवही असाच बोलका आहे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयाचा ‘अ’, ‘ब’, ‘क’ किंवा ‘ड’ हा वर्ग ठरतो आणि वर्गानुसार अनुदान मिळते. खेड्यातल्या कित्येक वाचनालयांच्या कार्यकर्त्यांनी हिशेब, दाखलनोंद वही आणि तपासणी यांचे धडे याच निमित्ताने गिरवले.

कागदपत्रे : निधीचा शोध बहुतेक संस्था जाहिरातीपासून सुरू करतात. तो कपाटापासून सुरू करणे शहाणपणाचे, कारण कागद जुळवायला जितके महिने लागतात तितके दिवसही अर्जाची खिडकी उघडी नसते.

महाराष्ट्रात सामाजिक संस्था सहसा १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदवली जाते आणि तिचीच पुन्हा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयात नोंद होते. म्हणून तिच्या लेटरहेडवर दोन क्रमांक दिसतात आणि दुसरा ‘एफ’ या अक्षराने सुरू होतो. आणखी एक मार्ग २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या कलम ८ खालील ना-नफा कंपनीचा. अनेक जुन्या संस्थांचे घोडे अडते ते बदल अर्जावर, म्हणजे रोजच्या भाषेतल्या ‘चेंज रिपोर्ट’वर. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत तसे कळवायचे असते. प्रत्यक्षात दोन निवडणुका होऊन जातात, एखादे विश्वस्त दिवंगत होतात आणि कार्यालयाच्या परिशिष्टावर, म्हणजे विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीवर, मात्र वीस वर्षांपूर्वीचीच नावे असतात. निधी देणारा ते परिशिष्ट मागतो. सही करणाऱ्याचे नाव त्यात नसेल तर उत्तमातला उत्तम प्रस्तावही तिथेच थांबतो.

आयकराच्या बाजूने ‘१२अ’ आणि ‘८०जी’ या दोन नोंदण्या लागतात. पहिलीमुळे संस्थेचे उत्पन्न करमुक्त राहते, दुसरीमुळे देणगीदाराला वजावट मिळते. २०२१ पासून या नोंदण्या कायमच्या राहिल्या नाहीत : नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते, मग मुदतीची, आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला वजावट नाही. २०२५ च्या नव्या आयकर अधिनियमात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण कार्यकर्त्यांच्या तोंडी ही जुनीच नावे बसलेली आहेत आणि बहुधा तशीच राहतील. याखेरीज पॅन, नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ संकेतस्थळावरील क्रमांक आणि मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल एवढे तरी हाताशी असावे लागते. प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताची वही, लिहिलेले हवे. प्रत्येक अर्जाला कार्यकारिणीचा ठराव लागतो आणि तो नंतर मागच्या तारखेने घुसडला की शाईवरून, क्रमांकावरून आणि सह्यांवरून लगेच कळतो.

उद्योजकाची यादी आटोपशीर असते : आधार, पॅन, उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची केंद्र सरकारकडील नोंद), जागेचा पुरावा किंवा भाडेकरार, यंत्रांची दरपत्रके (‘कोटेशन’ हाच शब्द सर्वत्र चालतो), जातीचा किंवा शिक्षणाचा दाखला आणि प्रकल्प अहवाल. खाद्यपदार्थांचा धंदा असेल तर अन्नसुरक्षा नोंदणीही. यातला प्रकल्प अहवाल पाचशे-हजार रुपयांत छापून मिळतो आणि शेजारच्या तालुक्यातल्या पिठाच्या गिरणीचा व पापड उद्योगाचा अहवाल शब्दशः सारखा निघतो. बँकेचा अधिकारी पहिल्याच प्रश्नाला हे ओळखतो.

निधीचे स्रोत : शासनाच्या योजना शासन निर्णयातून, म्हणजे जीआरमधून, जन्मतात. जीआर मराठीत असतो आणि राज्य शासनाच्या संकेतस्थळावर विभागवार व तारखेनुसार सापडतो. बातमीवर विसंबून न राहता मूळ जीआर वाचावा, कारण पात्रता, लाभार्थी हिस्सा आणि रक्कम देण्याची पद्धत या तीन गोष्टी बातमीत हमखास सुटतात. जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा उद्योग केंद्र, नाबार्ड या ग्रामीण विकास बँकेचे डीडीएम (जिल्हा विकास व्यवस्थापक), कृषी अधीक्षक कार्यालय, बचत गटांसाठीच्या ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचा कक्ष आणि महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे १९७५ साली स्थापन झालेले ‘माविम’, ही विचारपूस करण्याची खरी ठिकाणे आहेत.

छोट्या उद्योगासाठी सर्वांत परिचित योजना म्हणजे २००८ पासूनचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. त्यात उत्पादन उद्योगाला ५० लाख आणि सेवा उद्योगाला २० लाख रुपयांपर्यंतच्या प्रकल्प खर्चावर १५ ते ३५ टक्के अनुदान मिळते. शहरी भागातील सर्वसाधारण अर्जदाराला सर्वांत कमी, तर ग्रामीण भागातील महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आदींना सर्वांत जास्त. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून याच धर्तीवर चालतो. आकडे पाठ असणारे बरेच भेटतात, पैसा कसा फिरतो हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. समजा, एका ग्रामीण महिलेने १० लाखांचा मसाला उद्योग मांडला. तिने ५० हजार स्वतःचे घालायचे, साडेनऊ लाख बँक देणार. साडेतीन लाखांचे अनुदान तिच्या हातात येत नाही. ते बँकेत मुदत ठेवीच्या रूपात तीन वर्षे अडकून राहते आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही. तीन वर्षांनी उद्योग चालू असल्याची खात्री झाली की ती रक्कम कर्जात वळती होते. दरम्यान धंदा बंद पडला, तर अनुदानही गेले आणि कर्ज तेवढे डोक्यावर राहिले. म्हणून या योजनेत खरी परीक्षा जिल्हा समितीपुढे नसून बँकेच्या शाखेत होते, आणि जुने थकीत कर्ज किंवा खराब सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासावरचा गुणांक) असेल तर बाकी सगळी पात्रता वाया जाते.

अन्नप्रक्रियेसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे. बचत गटातील सदस्यांना खेळते भांडवल व छोट्या अवजारांसाठी प्रत्येकी ४० हजारांपर्यंत बीज भांडवलाची तरतूद आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या केंद्रीय योजनेत भाग भांडवलासाठी मिळणारे अनुदान सभासदांनी जमवलेल्या रकमेइतकेच असते : प्रत्येक शेतकऱ्यामागे जास्तीत जास्त दोन हजार आणि कंपनीला १५ लाखांपर्यंत. सभासदांनी खिशात हात घातला नाही तर सरकारही घालत नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्यात चालणारा ‘स्मार्ट’ प्रकल्पही अशा कंपन्यांना गोदाम, प्रतवारी केंद्र आदींसाठी अनुदान देतो.

सामाजिक संस्थांचे चित्र २०१४ नंतर बदलले. कंपनी अधिनियमाच्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हा ‘सीएसआर’ निधी. तो घेणाऱ्या संस्थेला २०२१ पासून ‘सीएसआर-१’ अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो आणि तीन वर्षांच्या कामाचा पूर्वेतिहास दाखवावा लागतो. देशात सर्वाधिक सीएसआर खर्च महाराष्ट्रात होतो, पण त्याचे वजन मुंबई-पुण्याच्या औद्योगिक पट्ट्याकडे झुकलेले आहे. कंपनी आपला कारखाना जिथे आहे तिथे आधी पाहते. कोणत्या कंपनीने कोणत्या जिल्ह्यात कशावर खर्च केला ही माहिती केंद्र सरकारच्या सीएसआर संकेतस्थळावर खुली आहे. पन्नास कंपन्यांना एकच पत्र धाडण्यापेक्षा ही माहिती दोन दिवस चाळून पाच कंपन्या निवडणे अधिक फलदायी ठरते.

खाजगी न्यासांत टाटांचे न्यास जुने : सर रतन टाटा न्यास १९१९ चा, सर दोराबजी टाटा न्यास १९३२ चा. परदेशस्थ मराठी माणसांनी अमेरिकेत उभारलेले महाराष्ट्र फाउंडेशनही येथील संस्थांना मदत करते. मात्र परदेशातून येणारा कोणताही निधी परकीय अंशदान नियमन अधिनियमाच्या, म्हणजे ‘एफसीआरए’च्या, चौकटीतूनच घ्यावा लागतो. २०१० च्या या अधिनियमात २०२० मध्ये कडक दुरुस्ती झाली : पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच यावा, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर जाऊ नये आणि एका संस्थेने दुसरीला हा पैसा देऊ नये. शेवटच्या अटीचा फटका तालुका पातळीवरच्या संस्थांना बसला. शहरातली मोठी संस्था परदेशी निधी आणी आणि डोंगरावरची छोटी संस्था काम करी, ही साखळी तुटली.

प्रस्ताव : चांगल्या प्रस्तावात भाषेपेक्षा मोजमाप महत्त्वाचे. ‘परिसरात पाण्याची तीव्र समस्या आहे’ या वाक्याने काही सिद्ध होत नाही. वाडीत घरे किती, विहीर कोणत्या महिन्यात आटते, टँकर कधी सुरू होतो आणि बायकांना हंड्यासाठी किती चालावे लागते, हे लिहिले की वाचणाऱ्याला गाव दिसू लागते. अंदाजपत्रकात प्रत्येक आकड्यामागे दर आणि संख्या हवी. सर्वांत अवघड बाब मानधनाची. वस्तू दिसतात, फलक लावता येतो, फीत कापता येते, त्यामुळे संगणक आणि शिलाई यंत्रे सहज मंजूर होतात; ती वापरायला शिकवणाऱ्या ताईच्या पगारावर मात्र कात्री चालते. ज्या संस्था हा खर्च संकोचाने लपवतात त्या वर्षभरात कर्जबाजारी होतात. तो कार्यक्रम खर्चातच स्पष्ट दाखवणे आणि त्यासाठी भांडणे योग्य.

रक्कम हप्त्याहप्त्याने मिळते. पहिल्या हप्त्याचे विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, दिल्याशिवाय दुसरा सुटत नाही. केंद्राच्या अनुदानासाठी त्याचा नमुना सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील ‘१२-अ’ हा आहे. अनेक योजनांत तर आधी खर्च, मग प्रतिपूर्ती असा क्रम असतो. सहा-आठ महिने पदरमोड करण्याची ताकद नसेल तर मंजुरीचे पत्रच संकट ठरते. मार्च महिन्यात याच्या उलट घडते : वर्षभर न आलेला निधी शेवटच्या आठवड्यात येतो आणि ३१ तारखेच्या आत खर्च दाखवायचा असतो. बिले गोळा करण्याची घाई तेव्हाच होते आणि लेखापरीक्षणातले बहुतेक आक्षेपही याच आठवड्यातल्या बिलांवर निघतात.

दलालांचा उल्लेख टाळता येत नाही. ‘मंजूर करून देतो, इतके टक्के लागतील’ असे सांगणारे प्रत्येक तालुक्यात आहेत. आगाऊ ‘प्रोसेसिंग फी’ मागणारे फोन आणि सरकारी भासणारी बनावट संकेतस्थळे ही त्यांची नवी आवृत्ती. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या अर्जाला शुल्क नाही. सनदी लेखापालाला किंवा प्रस्ताव लिहून देणाऱ्याला त्याच्या कामाचा ठरावीक मोबदला देणे वेगळे आणि मंजूर रकमेत हिस्सा देणे वेगळे, कारण तो हिस्सा कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही आणि शेवटी खोट्या बिलातूनच काढावा लागतो.