जुन्या जीपचं इंजिन बदलताय? आधी आरटीओची मंजुरी, मग गॅरेज

एमएम ५४० सारख्या जुन्या महिंद्रा जीपचं मूळ इंजिन थकलं की मिस्त्री हमखास सुचवतो, "साहेब, बोलेरोचं डीआय डिझेल इंजिन टाकू, आरामात बसतं." बसतंही. पण जीपच्या आरसीवर २११२ सीसीचं प्यूजो इंजिन आणि बॉनेटखाली २५२३ सीसीचं डीआय, अशी गाडी कागदोपत्री अडकते.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणून अर्ज करायचा तो त्याच मेकच्या, त्याच प्रकारच्या इंजिनासाठी. इंधन बदलायचं असेल, समजा पेट्रोलवरून सीएनजीवर जायचं असेल, तर पुण्याच्या एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) सारख्या संस्थेने तपासून मान्य केलेलं किटच लागतं. भंगारातून आणून पेट्रोल जीपला जोडलेल्या डिझेल इंजिनाला असा कागद नसतो.

इंजिन उतरवण्याआधी नोंदणी असलेल्या आरटीओकडे अर्ज द्या. सोबत मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, चासी नंबरची पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा) आणि कर्ज असेल तर बँकेची लेखी संमती. आरसीची मुदत संपलेली असेल तर आधी फॉर्म २५ भरून नूतनीकरण करून घ्या.

खरी गोची जुन्या इंजिनाच्या कागदांची असते. विकणाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्याच. ते ज्या गाडीतून निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद मागा आणि ती गाडी चोरीची नाही याचा पोलिसांकडचा दाखलाही मिळवा. पैसे देण्यापूर्वी इंजिनाच्या ब्लॉकवरची नंबराची जागा रॉकेलने स्वच्छ करून नंबर उजेडात नीट बघा. अक्षरं वेडीवाकडी असतील, आजूबाजूला ग्राइंडर फिरल्याच्या खुणा असतील, तर कितीही स्वस्त मिळालं तरी ते इंजिन घेऊ नका.

मंजुरी मिळाल्यावर इंजिन बसवा आणि १४ दिवसांच्या आत आरसी व शुल्कासह आरटीओला कळवा. मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतात, नंबर पडताळतात, मग आरसीवर नवी नोंद होते. विमा कंपनीलाही लेखी कळवून पॉलिसीत इंजिन नंबर बदलून घ्या. अपघातानंतर दावा अडतो तो इथेच. परस्पर बदल केल्यास कलम १८२अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

जीप पन्नाशी ओलांडलेली असेल तर मात्र माझं आग्रहाचं सांगणं आहे, घाई करू नका. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीला विंटेज नोंदणी मिळते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं आणि नंबरात 'व्हीए' अक्षरं. अट एवढीच की चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. दुसरं इंजिन टाकलंत की हा हक्क धोक्यात येतो. अशा जीपचं मूळ इंजिनच रिबोअर करून घ्या, म्हणजे त्याचे झिजलेले सिलिंडर आतून पुन्हा कापून नीट करून घ्या. खर्च थोडा जास्त येईल, पण आरसीवरचा नंबर तोच राहतो आणि परवानगीसाठी खेटे घालावे लागत नाहीत.