सात कामकाजाचे दिवस

‘पत्र मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत खुलासा सादर करावा.’ निविदा, ठेके, नोटिसा यांच्याशी ज्यांचं रोजचं काम पडतं, त्यांना हे वाक्य पाठ असतं. आपण एक्सेल उघडतो, एका सेलमध्ये पत्र मिळाल्याची तारीख टाकतो, शेजारी वर्कडे हे फंक्शन लिहितो, त्याला तारीख, सात हा आकडा आणि सुट्ट्यांची यादी देतो, की शेवटची तारीख समोर येते. माझा निम्मा दिवस अशाच शीटवर जातो. एवढ्या वर्षांनी माझं मत पक्कं झालं आहे की या सूत्रात गणित फार थोडं आहे. कामाचा दिवस कोणता आणि सुट्टीचा कोणता, हे सूत्राला कुणीतरी सांगावं लागतं, आणि ते सांगणाऱ्यांचा इतिहास कॉम्प्युटरपेक्षा बराच जुना आहे.

सुरुवात तारखेपासून करू. स्प्रेडशीटला तारीख कळत नाही, तिला फक्त आकडा कळतो. 1983 मध्ये बाजारात आलेल्या लोटस 1-2-3 या प्रोग्रॅमने 1 जानेवारी 1900 ला 1 हा क्रमांक दिला आणि तिथून पुढे प्रत्येक दिवसाला एकेक चढता आकडा. दोन तारखांमधलं अंतर म्हणजे साधी वजाबाकी झाली. या मोजणीत एक चूक मात्र राहून गेली. 1900 हे लीप वर्ष नव्हतं, कारण शतकाच्या वर्षाला 400 ने भाग गेला तरच ते लीप धरतात. लोटसने ते लीप धरलं, त्यामुळे 60 हा क्रमांक 29 फेब्रुवारी 1900 या कधीच न उगवलेल्या दिवसाला गेला. पुढे मायक्रोसॉफ्टने एक्सेल आणलं तेव्हा लोटसमधल्या शीट जशाच्या तशा चालाव्यात म्हणून ही चूक जाणूनबुजून ठेवली. ती आजही आहे. कोऱ्या सेलमध्ये 60 लिहा, फॉरमॅट तारखेचा करा, तो दिवस दिसेल. याच चुकीपायी एक्सेल 1 जानेवारी 1900 ला रविवार म्हणतं. तो सोमवार होता.

मॅकिंटॉशवरच्या एक्सेलने मोजणी 1904 पासून धरली होती. त्यामुळे जुन्या मॅकची शीट विंडोजच्या शीटमध्ये चिकटवली की सगळ्या तारखा 1462 दिवसांनी, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस, मागे सरकायच्या. चार वर्षं कुणाच्याही डोळ्यांत भरतात. मुदतीच्या कामात खरी भीती एका दिवसाच्या चुकीची असते, कारण ती दिसत नाही.

कामाचे दिवस मोजणारी वर्कडे आणि नेटवर्कडेज ही फंक्शन्स एक्सेलमध्ये बरीच वर्षं पाहुण्यासारखी होती. अॅनालिसिस टूलपॅक नावाची जोडणी वेगळी सुरू केली तरच ती चालायची. 2003 च्या आवृत्तीपर्यंत हेच होतं. आपल्या मशीनवर नीट चाललेली शीट दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की तारखांच्या जागी ‘नेम’ची, म्हणजे फंक्शनचं नावच ओळखता आलं नाही अशी, एरर उभी राहायची. एका कामाचं पूर्ण वेळापत्रक मी असं पाठवलं होतं, आणि पलीकडच्या गृहस्थांनी फोनवर विचारलं होतं, ‘साहेब, तारखा भरायच्या राहिल्यात का?’ 2007 च्या आवृत्तीत ही फंक्शन्स एक्सेलचीच झाली, आणि 2010 मध्ये साप्ताहिक सुट्टी कोणती हे सांगण्याची सोय असलेली त्यांची ‘इंटल’ भावंडं आली.

आता त्या एका दिवसाबद्दल. 1 जून 2026 ला सोमवार आहे. त्या तारखेला वर्कडेमध्ये पाच दिवस मिळवले, शनिवार-रविवार सुट्टी धरली, तर उत्तर येतं 8 जून, सोमवार. आता नेटवर्कडेजला विचारा की 1 ते 8 जूनमध्ये कामाचे दिवस किती. ते सांगतं सहा. दोन्ही बरोबर आहेत. वर्कडे पहिला दिवस सोडून मोजतं, नेटवर्कडेज दोन्ही टोकं धरून मोजतं. नवीन माणूस पहिल्यांदा अडखळतो तो इथेच, आणि मला वाटतं मराठी माणसाने अडखळण्याला आणखीही एक कारण आहे. आपली बोलण्यातली मोजणी दोन्ही टोकं धरणारी आहे. ‘आठ दिवसांनी या’ असं सोमवारी सांगितलं तर समोरचा पुढच्या सोमवारीच येतो. सातच दिवसांच्या आठवड्याच्या नावात आठ बसले आहेत. दहावा, तेरावा हे दिवससुद्धा आपण पहिला दिवस धरूनच मोजतो.

कायदा दुसऱ्या बाजूने मोजतो. 1897 च्या जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम 9 प्रमाणे ‘अमुक तारखेपासून’ असं म्हटलं की ती तारीख मोजणीतून वगळली जाते. म्हणजे वर्कडेची चाल कायद्याशी जुळते. मुदत काढायची तेव्हा वर्कडे, आणि काम किती दिवस चाललं हे सांगायचं तेव्हा नेटवर्कडेज, एवढं मनात पक्कं केलं की बराच गोंधळ मिटतो.

याच कायद्याचं कलम 10 आणखी महत्त्वाचं आहे. मुदतीचा शेवटचा दिवस कार्यालय बंद असलेल्या दिवशी आला, तर कार्यालय उघडेल त्या पुढच्या दिवशी केलेलं काम मुदतीत धरतात. ‘सात कामकाजाचे दिवस’ आणि ‘तीस दिवस’ यांतला फरक इथे कळतो. माहिती अधिकार कायद्यातले 30 दिवस हे सुट्ट्यांसकट सरसकट तीस दिवस आहेत. तिथे मधल्या सुट्ट्या वगळायच्या नसतात, फार तर शेवटचा दिवस सरकतो. शीटमध्ये हे करायचं तर तीस दिवस साध्या बेरजेने मिळवायचे, आलेल्या तारखेतून एक वजा करायचा आणि वर्कडेला एक दिवस पुढे जायला सांगायचं. तारीख कामाच्या दिवशी पडली असेल तर ती तशीच राहते, सुट्टीवर पडली असेल तर पुढच्या कामाच्या दिवसावर जाते. तीस कॅलेंडर दिवसांच्या जागी तीस कामकाजाचे दिवस मोजलेल्या शीट मी पाहिल्या आहेत. त्यात मुदत जवळपास दीड महिन्यावर जाते, आणि शीट रंगीत, नीटनेटकी असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही.

मुदत नेहमी पुढेच सरकते असंही नाही. 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचं, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं, कलम 25 सांगतं की वचनचिठ्ठी किंवा विनिमयपत्र फिटण्याचा दिवस सार्वजनिक सुट्टीचा असेल, तर ते आधीच्या कामाच्या दिवशी देय धरायचं. अर्ज करणाऱ्याला कायदा एक दिवस जास्त देतो, देणेकऱ्याचा एक दिवस काढून घेतो. स्प्रेडशीटमध्येही हे उलट दिशेने करता येतं. तारखेत एक मिळवायचा आणि वर्कडेला उणे एक दिवस सांगायचा.

हे कलम 25 आपल्या शीटच्या फार जवळचं आहे. राज्य सरकार दरवर्षी सार्वजनिक सुट्ट्यांची जी अधिसूचना काढतं ती याच कलमाखाली. डिसेंबर आला की मी ती यादी समोर घेतो आणि शीटच्या शेवटच्या पानावर एकेक तारीख हाताने टाइप करतो. कॉपी-पेस्टने आलेली तारीख कधी कधी नुसता मजकूर असते आणि सूत्र तिला सुट्टी मानतच नाही, म्हणून हाताने. 1 एप्रिलसमोर खूण करतो, कारण ती सुट्टी फक्त बँकांना, वार्षिक हिशेब बंद करण्यासाठी. चंद्रदर्शनावर ठरणाऱ्या सुट्ट्यांचे सेल पिवळे करतो.

त्या पिवळ्या सेलचं महत्त्व 2024 मध्ये अनेकांना कळलं. ईद-ए-मिलादची सुट्टी यादीत सोमवार, 16 सप्टेंबरला होती. अनंत चतुर्दशी 17 ला. विसर्जन आणि जुलूस लागोपाठ येऊ नयेत म्हणून मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांसाठी ही सुट्टी बुधवारी, 18 तारखेला हलवली गेली. ज्यांनी वर्षाच्या सुरुवातीला यादी भरली आणि पुन्हा उघडली नाही, त्यांच्या शीटने शुक्रवारी, 13 तारखेला मिळालेल्या पत्राची एका दिवसाची मुदत मंगळवारवर नेली, आणि प्रत्यक्षात सोमवारी कार्यालयं उघडी होती. 2025 मध्येही असंच झालं, 5 सप्टेंबरची सुट्टी मुंबईत 8 ला गेली. राज्य एक असलं तरी सुट्ट्यांची यादी एक असत नाही. माझ्या शीटमध्ये मुंबईसाठी वेगळा रकाना आहे.

यादीपेक्षाही शनिवारने लोकांना जास्त घोळात टाकलं आहे. वर्कडे हे फंक्शन बनलंच शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या कार्यालयांसाठी, आणि आपल्याकडे शनिवार अनेक प्रकारचा. 1 सप्टेंबर 2015 पासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी मिळाली, बाकीचे शनिवार पूर्ण कामाचे झाले. एक्सेलमध्ये ‘दुसरा-चौथा शनिवार’ असा पर्याय नाही. त्यासाठी इंटल फंक्शनला 11 हा संकेत, म्हणजे फक्त रविवार सुट्टी, देऊन वर्षाचे चोवीस शनिवार सुट्ट्यांच्या यादीत घालावे लागतात. ते शोधायचं सूत्र सोपं आहे. महिन्याच्या 1 तारखेचा वार आकड्यात घ्या, रविवार 1 पासून शनिवार 7 पर्यंत. तो आकडा 15 मधून वजा केला की दुसऱ्या शनिवारची तारीख मिळते, 29 मधून केला की चौथ्याची.

राज्य सरकारी कार्यालयांनाही पूर्वी दुसरा आणि चौथा शनिवारच होता. पाच दिवसांचा आठवडा लागू झाला 29 फेब्रुवारी 2020 पासून, तोही शनिवारीच. एक्सेलमध्ये त्या दिवसाचा क्रमांक 43890. हा खराखुरा 29 फेब्रुवारी. तेव्हापासून मंत्रालयाच्या पत्राची मुदत आणि बँक गॅरंटीची मुदत एकाच शीटमध्ये दोन वेगळ्या सूत्रांनी काढावी लागते.

आखाती देशांत काम असणाऱ्या आपल्या लोकांना हेच दुसऱ्या वाराने सोसावं लागलं. संयुक्त अरब अमिरातीत शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची, इंटलमध्ये तिचा संकेत 7. 1 जानेवारी 2022 पासून त्यांनी शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस अशी घडी बसवली. शारजाने सरकारी कार्यालयांना शुक्रवार ते रविवार तीन दिवस दिले. अशा वेळी संकेत पुरत नाही, सात आकड्यांची ओळ लिहावी लागते. सोमवारपासून सुरुवात, कामाच्या दिवसाला शून्य, सुट्टीला एक. शारजाची ओळ होते 0000111. डिसेंबर 2021 मध्ये सुरू होऊन जानेवारीत संपणाऱ्या मुदतीला मात्र कुठलीच एक ओळ लागू पडत नाही. ती दोन तुकड्यांत मोजावी लागते.

राहिला रविवार. त्याला संकेत शोधावा लागत नाही, कुणी त्याच्याबद्दल विचारतही नाही, जणू तो पहिल्यापासून तसाच होता. 1881 च्या त्याच कलम 25 मध्ये सार्वजनिक सुट्ट्यांत रविवार पहिल्यापासून होता, सोबत नववर्षदिन, ख्रिसमस आणि गुड फ्रायडे. म्हणजे विनिमयपत्राला त्या साली रविवारची सुट्टी मिळाली होती. त्याच मुंबईत कापड गिरणीत राबणाऱ्या बाईमाणसाला ती नव्हती. गिरण्यांच्या मोठ्या साफसफाईसाठी किंवा सणासाठी काम थांबे तेवढंच.

सत्यशोधक विचारांचे नारायण मेघाजी लोखंडे ‘दीनबंधु’ हे पत्र चालवत. गिरणीतलं काम त्यांनी स्वतः नोकरी करून पाहिलं होतं. 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवलं. त्यातली पहिली मागणी होती आठवड्याला रविवारची पूर्ण सुट्टी. रविवार हा खंडोबाचा वार, असंही लोखंडे सांगत. मालक ऐकत नव्हते. सहा वर्षं हे चाललं. 24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीजवळच्या मैदानात दहा हजारांच्या आसपास कामगार जमले, दोन कामगार स्त्रिया त्या सभेत बोलल्या. आणि 10 जून 1890 ला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

ही तारीख मी एकदा माझ्या सुट्ट्यांच्या पानावर, सगळ्यात वर, टाइप केली: 10-06-1890. एक्सेलची मोजणी 1900 पासून सुरू होते, त्याआधीचा दिवस त्याला तारीख म्हणून कळत नाही. बाकीच्या सगळ्या तारखा सेलच्या उजव्या कडेला बसल्या, ही डावीकडेच राहिली, साध्या अक्षरांसारखी. मी ती तिथेच ठेवली आहे.