कॅल्सीन भरलेले लायपोसोम वापरण्यापूर्वी : बफरविषयी एक विनंती

आमच्या कुपवाड येथील प्रयोगशाळेतून कॅल्सीन हा चमकणारा रंग भरलेले लायपोसोम, म्हणजे लिपिडच्या (मेदासारख्या रेणूंच्या) पातळ पटलाचे सूक्ष्म पोकळ गोळे, नेणारे ग्राहक बहुधा एकच प्रश्न विचारतात : टॉक्सिन (पटलाला छिद्र पाडणारे विषारी प्रथिन) घालण्याआधीच चमकेचे रीडिंग का चढते, माल गळका आहे का? फार थोड्या वेळा दोष मालात निघतो. बहुतेक वेळा तो लायपोसोम ज्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) पातळ केले त्या बफरमध्ये असतो.

टॉक्सिन पटलाला छिद्र पाडते का हे पाहण्याच्या या चाचणीचे तत्त्व आपल्याला ठाऊक आहेच. सुमारे 70 मिलिमोलर इतक्या दाट द्रावणात कॅल्सीनचे रेणू एकमेकांची चमक दाबून ठेवतात. टॉक्सिनने लिपिडच्या पटलाला छिद्र पाडले की कॅल्सीन बाहेर येऊन विरळ होते आणि 495 नॅनोमीटरचा प्रकाश दिल्यावर 515 नॅनोमीटरच्या आसपास चमकू लागते. मात्र पटल ताणून फाटले तरी हेच घडते, आणि यंत्राला या दोहोंतला फरक कळत नाही.

आतील कॅल्सीन सोडियम हायड्रॉक्साइडने उदासीन केलेले असते व त्याची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांचे एकूण प्रमाण) आम्ही सुमारे 300 मिलिऑस्मोल ठेवतो, म्हणजे 150 मिलिमोलर सोडियम क्लोराइड असलेल्या नेहमीच्या बफरइतकी. प्रथिन शुद्ध करताना कमी मिठाचा बफर वापरला म्हणून चाचणीतही तोच, उदाहरणार्थ नुसता 20 मिलिमोलर ट्रिस, वापरला जातो. तेव्हा बेदाणा साध्या पाण्यात फुगावा तसे पाणी पटलातून झपाट्याने आत शिरते. लिपिडचे पटल क्षेत्रफळाने काही टक्क्यांपलीकडे ताणले जात नाही, त्यामुळे ते फाटते आणि कॅल्सीन सांडते. परिणामी सुरुवातीचे रीडिंग वर जाते, सर्व लायपोसोम फोडणारे डिटर्जंट, म्हणजे 0.1 टक्के ट्रायटन एक्स-100, घालून मिळणाऱ्या कमाल रीडिंगशी असलेले अंतर कमी होते, आणि त्यावरून काढलेली टक्केवारी विश्वासार्ह राहत नाही.

म्हणूनच प्रत्येक कुपीसोबत आम्ही जुळवलेल्या बफरची बाटली देतो. ती वगळून किंमत कमी करावी, अशी मागणी अधूनमधून होते. ती आम्ही मान्य करत नाही, कारण त्या बाटलीवाचून वाया जाणारे टॉक्सिन बफरपेक्षा कितीतरी महाग असते. टॉक्सिनच्या स्टॉकमध्ये ग्लिसरॉल किंवा उरलेले डिटर्जंट असेल, तर टॉक्सिनविरहित तेच द्रावण तेवढ्याच आकारमानाने घालून एक नियंत्रण (तुलनेसाठीची चाचणी) नक्की करावे.

लायपोसोम कधीही गोठवू नयेत, 4 अंश सेल्सिअसला ठेवावेत. बर्फाचे स्फटिक पटल फोडतात. आम्ही पार्सल आठवड्याच्या सुरुवातीलाच पाठवतो, ते रविवारी कुरिअरच्या गोदामात, विशेषतः सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात, पडून राहू नये म्हणून. माल जुना झाल्यास बाहेर आलेले कॅल्सीन रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या सेफाडेक्स जी-50 च्या छोट्या कॉलममधून वेगळे करता येते. तो कॉलम आमच्याकडे मिळतो.

लिपिडच्या निवडीविषयीही थोडे सांगणे भाग आहे. मधमाशीच्या विषातील 26 अमिनो आम्लांचे मेलिटिन पीओपीसी या एकाच साध्या लिपिडच्या पटलावरही काम करते, म्हणून चाचणी नीट चालते आहे हे पडताळण्यास ते उत्तम. स्ट्रेप्टोलायसिन-ओ या जिवाणूच्या टॉक्सिनला मात्र कोलेस्टेरॉल लागते आणि समुद्रफुलातील इक्विनाटॉक्सिनला स्फिंगोमायलिन हे लिपिड. नुसत्या पीओपीसीच्या कुपीत यांचा परिणाम दिसला नाही, तर टॉक्सिन निकामी आहे असे मानू नये. छिद्राच्या आकाराचा अंदाज हवा असल्यास कॅल्सीनऐवजी फ्लुओरेसीन जोडलेले, वेगवेगळ्या रेणुभाराचे डेक्स्ट्रान (साखरेच्या लांब साखळ्या) भरलेले लायपोसोम मागवावेत : स्टॅफिलोकोकस जिवाणूच्या अल्फा-हिमोलायसिन या टॉक्सिनचे सात घटकांचे छिद्र सर्वांत अरुंद जागी जेमतेम दीड नॅनोमीटर असते, त्यातून कॅल्सीन जाते, मोठे डेक्स्ट्रान अडते.

आपला बफर बदलणे शक्यच नसेल, तर मागणीसोबत त्याची पूर्ण कृती, मीठ, साखर व ग्लिसरॉलच्या प्रमाणासह, कळवावी. जेथे शक्य असेल तेथे आतील द्रावण त्यानुसार जुळवून देऊ, फक्त त्यासाठी नेहमीपेक्षा जास्त दिवस लागतील.