बिटस्ट्रीम, पीसीएम आणि मागचे स्पीकर : कन्सोल व होम थिएटर जोडणीची पार्श्वभूमी

गेम कन्सोलला पाच स्पीकर आणि सबवूफर (म्हणजेच ५.१) जोडण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने २००० साली सुरू झाला. त्याआधी कन्सोलचा आवाज लाल-पांढऱ्या पिनांतून दोनच चॅनलमध्ये बाहेर पडत असे. काही गेम मागच्या स्पीकरचा आवाज या दोन चॅनलमध्येच लपवून देत आणि रिसीव्हर (स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर) तो डॉल्बीच्या प्रो लॉजिक पद्धतीने वेगळा काढत असे. निन्टेंडोच्या २००१ च्या गेमक्यूबने आणि पुढे वी (Wii) कन्सोलनेही हीच वाट धरली, फक्त प्रो लॉजिक २ च्या सुधारित रूपात. ही जुनी यंत्रे आज जोडताना गेमच्या पर्यायांत ‘सराउंड’ निवडावे, रिसीव्हर प्रो लॉजिक २ वर ठेवावा आणि वायर टीव्हीत न घालता थेट रिसीव्हरला द्यावी. लपवलेला आवाज दोन चॅनलमधल्या फेजच्या (ध्वनिलहरी पुढे-मागे असण्याच्या) फरकावर तग धरून असतो. टीव्हीचा कृत्रिम सराउंड मध्ये चालू राहिला, तर तो फरक बिघडतो आणि मागचे स्पीकर गप्प होतात.

प्लेस्टेशन २ च्या पाठीवर ऑप्टिकल पोर्ट होते. ही प्रकाशाची वायर मुळात १९८३ मध्ये सीडी प्लेअरसाठी आली, म्हणजे दोन चॅनलसाठी. सीडीच्या दर्जाचा, १६ बिटचा आवाज ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८ हजार नमुने) दोन चॅनलमध्ये पाठवायचा तर सेकंदाला सुमारे १५ लाख बिट लागतात. तोच आवाज ५.१ मध्ये न दाबता (कॉम्प्रेस न करता) पाठवायचा तर ४६ लाख. ऑप्टिकल जोडणी त्यासाठी आखलेलीच नव्हती, त्यामुळे तिच्यातून ५.१ न्यायचे तर आवाज डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसमध्ये दाबूनच न्यावा लागतो. डॉल्बी डिजिटल जास्तीत जास्त ६४० किलोबिट घेते, डीटीएस साधारण १५०० किलोबिट. पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ या आकड्यांत आहे.

डीव्हीडीवर दाबलेला आवाज तयारच असतो. प्लेअर तो उचलून जसाच्या तसा रिसीव्हरकडे ढकलतो. याला ‘बिटस्ट्रीम’ म्हणत आणि डीव्हीडीच्या काळात ‘बिटस्ट्रीमच निवडा’ हा सल्ला बिनचूक होता. ‘पीसीएम’ (न दाबलेला डिजिटल आवाज) निवडले की ऑप्टिकलमधून दोनच चॅनल जात.

गेमची गोष्ट मुळातच वेगळी. गोळी कुठून सुटली, पाऊल कोणत्या बाजूला पडले, हे खेळणारा कुठे वळला आहे त्यावर ठरते. आवाजाचे मिश्रण कन्सोल त्या क्षणी स्वतः करतो, तेही पीसीएममध्येच. म्हणजे गेमच्या बाबतीत जसाच्या तसा पुढे ढकलायला दाबलेला आवाज नसतोच. ऑप्टिकलमधून ५.१ हवे असेल तर कन्सोलला ते तिथल्या तिथे दाबावे लागते. २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये त्यासाठी ध्वनीच्या चिपमध्ये स्वतंत्र सोय होती आणि जवळजवळ प्रत्येक गेम डॉल्बी डिजिटलमध्ये मिळे. ऑप्टिकल पोर्ट मात्र वेगळ्या विकत घ्यायच्या केबल-संचात होते. प्लेस्टेशन २ मध्ये अशी सोय नव्हती. तिथे दाबण्याचे काम गेमच्या वाट्याच्या प्रोसेसरमधून करावे लागे, म्हणून चालू खेळात डीटीएस देणारे गेम मोजकेच निघाले. बाकीच्यांनी प्रो लॉजिक २ वर भागवले. एक्सबॉक्सचा निर्णय त्या पिढीतला सर्वांत दूरदृष्टीचा होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२००६ च्या प्लेस्टेशन ३ ने एचडीएमआय आणले आणि चित्र पालटले. एचडीएमआय पहिल्या आवृत्तीपासूनच आठ चॅनल न दाबता नेऊ शकते. म्हणजे गेमचे ७.१ (सात स्पीकर आणि सबवूफर) मिश्रण तसेच रिसीव्हरला देता येऊ लागले. इथे ‘पीसीएम’ शब्दाचा अर्थ बदलला, पण सल्ला जुनाच फिरत राहिला. लोक मेन्यूत ‘बिटस्ट्रीम’ शोधत राहिले. रिसीव्हरवर डॉल्बीचा दिवा लागला नाही की जोडणी चुकली, असा समज पक्का झाला. सुरुवातीचा जाडजूड प्लेस्टेशन ३ ब्लू-रे डिस्कवरचा डॉल्बी ट्रू-एचडी आवाज आतच उलगडून पीसीएम पाठवे, म्हणून दिवा लागत नसे. २००९ च्या सडपातळ मॉडेलमध्ये तो बिटस्ट्रीमने पाठवता येऊ लागला आणि दिवा लागला. ट्रू-एचडीत काहीच गमावले जात नाही, त्यामुळे दोन्हीकडे पोहोचणारा आवाज तोच. निव्वळ दिव्यासाठी अनेकांनी यंत्र बदलले.

पुढच्या कन्सोलच्या मेन्यूंनी हा गुंता अधिकच आवळला. प्लेस्टेशन ४ मध्ये पर्याय असे : लिनिअर पीसीएम, बिटस्ट्रीम डॉल्बी, बिटस्ट्रीम डीटीएस. वाचणाऱ्याला वाटते, पहिला साधा आणि बाकीचे दोन उंची. खेळताना घडते उलटे. पीसीएम निवडले की मिश्रण न दाबता जाते. बिटस्ट्रीम निवडले की कन्सोल ते दाबतो आणि रिसीव्हर पुन्हा उलगडतो. दर्जाबरोबर वेळही जातो. डॉल्बी डिजिटलची एक चौकट १५३६ नमुन्यांची असते. ४८ किलोहर्ट्झला तेवढे नमुने जमायलाच ३२ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ६० फ्रेमच्या खेळात जवळपास दोन फ्रेम. उलगडण्याचा वेळ त्यावर वेगळा. चित्रपट पाहताना हा उशीर भरून काढता येतो. खेळताना मात्र बटण दाबण्याचा क्षण मागे सरकवता येत नाही. ताल धरून खेळायच्या आणि मारामारीच्या गेममध्ये तो जाणवतो.

तरीही ‘नेहमी पीसीएम’ असा सरसकट सल्ला देता येत नाही. त्याचे कारण टीव्ही. २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर एआरसी आले, म्हणजे टीव्हीकडून रिसीव्हरकडे आवाज परत नेण्याची सोय. तिची कुवत मात्र ऑप्टिकलच्याच धाटणीची : दोन चॅनल पीसीएम किंवा दाबलेले ५.१. कन्सोल टीव्हीला जोडला आणि टीव्हीतून एआरसीने आवाज काढला, तर कन्सोलचे पीसीएम ५.१ टीव्हीत शिरून दोन चॅनल होऊन बाहेर पडते. अशा जोडणीत कन्सोलवर डॉल्बीच निवडावे लागते. डीटीएस टाळावे, कारण बरेच टीव्ही ते पुढे सोडत नाहीत. टीव्हीच्या स्वतःच्या मेन्यूतही ‘पीसीएम’ असते आणि तिथे त्याचा अर्थ निव्वळ स्टिरिओ. तिथे ‘पास थ्रू’ किंवा ‘ऑटो’ ठेवावे. कन्सोलच्या मेन्यूतले पीसीएम म्हणजे आठ चॅनलपर्यंत, टीव्हीच्या मेन्यूतले म्हणजे दोन. एकाच घरात, एकाच वायरीच्या दोन टोकांना, एकाच शब्दाचे दोन अर्थ. मागचे स्पीकर वाजत नाहीत अशी तक्रार आली की आधी ही दोन टोके तपासावीत. एआरसीच सुरू होत नसेल तर टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे सीईसी (एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना आज्ञा देण्याची सोय) चालू आहे का, ते पाहावे.

याच संदर्भात २०२० चा निर्णय समजून घ्यायला हवा. प्लेस्टेशन ४ च्या सडपातळ मॉडेलने २०१६ मध्येच ऑप्टिकल पोर्ट काढले होते. त्याच वर्षीच्या प्रो मॉडेलने ते ठेवले. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज या दोघांनीही ते वगळले. या वायरीतून ७.१ वा ॲटमॉस (वरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत) जात नाही, हा युक्तिवाद खरा आहे. पण एचडीएमआय नसलेले, चांगले वाजणारे हजारो रिसीव्हर त्या दिवशी अडगळीत गेले, हेही तितकेच खरे.

आपल्याकडे याचा फटका वेगळ्या प्रकारे बसला. ‘होम थिएटर’ म्हणून इथल्या घरांत आलेले बरेच संच सहा आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांसारख्याच) पिनांचे : सबवूफरच्या डब्यातच ॲम्प्लिफायर, आणि दाबलेला आवाज उलगडणारा डीकोडर नाही. डीव्हीडी प्लेअरला सहा आउट असत, म्हणून ते चालून जाई. कन्सोलला तसे सहा आउट नसल्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळणारा ऑप्टिकल डीकोडरचा डबा मध्ये घालावा लागे. आता त्याच्याही आधी एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढणारा एक्स्ट्रॅक्टर लागतो. त्यावरची कळ ‘५.१’ वर हवी. ‘२ सीएच’ वर राहिली तर कन्सोल समोर स्टिरिओ यंत्रच आहे असे समजून दोनच चॅनल पाठवतो. कन्सोलवर डॉल्बी निवडावे, कारण साधा एक्स्ट्रॅक्टर पीसीएम ५.१ दाबून देत नाही. डीकोडरवर ‘पीसीएम’चा दिवा लागला तर स्टिरिओच येत आहे असे समजावे. संवाद सबवूफरमधून घुमत असतील तर सेंटर आणि सबच्या पिना उलट लागल्या आहेत.

रिसीव्हर नवा असला तरी २०२० च्या शेवटी वाट सोपी नव्हती. ८के म्हणून विकलेल्या काही रिसीव्हरमधल्या एचडीएमआय चिपमध्ये दोष निघाला. नव्या एक्सबॉक्सचे ४के, १२० हर्ट्झ, एचडीआर चित्र त्यातून नेले की पडदा काळा होई. कुणी जोडडबा दिला, कुणी बोर्ड बदलून दिले. त्यामुळे बऱ्याच जणांनी कन्सोल थेट टीव्हीला जोडून आवाज ईएआरसीने (एआरसीच्या वाढीव आवृत्तीने) परत घेण्याचा मार्ग धरला. ईएआरसी सेकंदाला ३७ मेगाबिटपर्यंत नेते, ७.१ पीसीएम त्यात आरामात बसते. अडचण एवढीच की काही टीव्हींवर चारपैकी दोनच पोर्ट १२० हर्ट्झचे आणि त्यातलेच एक ईएआरसीचे, त्यामुळे दोन नवे कन्सोल असतील तर एकाला साध्या पोर्टवर बसावे लागते. रिसीव्हर जुना आणि ईएआरसीविना असेल, तर कन्सोल रिसीव्हरलाच जोडावा, पीसीएम निवडावे आणि ४के ६० हर्ट्झवर समाधान मानावे. मागचे स्पीकर गमावण्यापेक्षा हे बरे.

२०२३ मध्ये प्लेस्टेशन ५ च्या आवाजाच्या पर्यायांत गेमसाठी ॲटमॉस आले. एक्सबॉक्समध्ये ते २०१७ पासून होते. निन्टेंडो स्विच आणि त्याचा २०२५ चा वारसदार मात्र ५.१ देतात ते पीसीएममध्येच, तेही डॉकवर (टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडवर) असताना. डॉल्बीचा पर्याय त्यांच्या मेन्यूत नाही. एआरसीच्या टीव्हीला लावले तर मोजके टीव्ही ते दाबून पुढे देतात, बाकीच्यांतून स्टिरिओच मिळतो. या यंत्रांसाठी डॉकची वायर थेट रिसीव्हरला द्यावी किंवा दोन्हीकडे ईएआरसी असावे. नंतर यंत्राच्या मेन्यूत टीव्ही साउंडला ‘सराउंड’ निवडावे, कारण ‘ऑटोमॅटिक’वर ते बऱ्याचदा स्टिरिओवरच थांबते.